तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी तयारी केली की बोलणं पाठ केल्यासारखं वाटत नाही का?

नोकरीच्या मुलाखतीचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्यांनी बहुधा आधीच ठरवलेलं असतं की सहज बोलायचं तर तयारी करू नये. मला ते पटत नाही. तयारीशिवाय गेलेला माणूस चाचपडतो, आणि चाचपडणं म्हणजे सहजपणा नव्हे.

एका मुलाखतीत मला विचारलं, ‘कामात मोठी अडचण आली तेव्हा काय केलंत?’ मी सांगू लागले. नवीन सॉफ्टवेअरवर जाताना ग्राहकांच्या नोंदी दुबार झाल्या होत्या, त्याची ती हकिगत. जेमतेम सुरुवात झाली आणि समोरचे गृहस्थ म्हणाले, ‘हे पाठ करून आलात वाटतं.’ कान तापले माझे. रात्रभर जागून निस्तरलेलं काम त्यांनी एका वाक्यात खोटं ठरवलं होतं. म्हटलं, ‘तयारी केली आहे, सर. मधूनच कुठूनही विचारा.’ त्यांनी विचारलं, ‘सगळ्यात आधी कोणाला सांगितलंत?’ हे मी कधी कागदावर उतरवलं नव्हतं. तरी अडखळले नाही. आधी बिलं पाठवणाऱ्या सहकाऱ्याला थांबवलं, मग साहेबांना फोन केला. ते भडकले, ते ऐकून घेतलं आणि नोंदी जुळवायला बसले. गृहस्थ पुढे झुकून ऐकत होते. ती नोकरी मला मिळाली नाही. का, ते कळलं नाही, आणि ते अजून सलतं.

मी तयारी करते ती प्रसंगांची, वाक्यांची नाही. परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम या क्रमाने उत्तर मांडायची ‘स्टार’ पद्धत (नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून) सगळ्यांना ठाऊक असते, पण बहुतेक जण परिस्थितीतच अडकतात. ती दोन वाक्यांत संपवावी. विचारणाऱ्याला हवं असतं ते तुम्ही स्वतः काय केलंत. मी कागद मिटून तोच प्रसंग मोठ्याने सांगते, कधी शेवटाकडून, कधी मधून. शब्द दर वेळी वेगळे येतात, येऊ द्यावेत. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या स्मरणावरच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून पाहणारे. लिहिलेलं उत्तर दहादा वाचून येणारा भरवसा म्हणूनच मला फसवा वाटतो.

पण ‘आमच्याकडेच का?’ या प्रश्नाला माझ्याकडे असा प्रसंग नसतो. खरं कारण कित्येकदा पगार असतं. मग त्या कामातलं जे मनापासून आवडतं ते सांगते आणि पगाराचं गाळते. मैत्रीण म्हणते, हा अभिनयच झाला. मी म्हणते, निवडून सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. तिला ते पटलेलं नाही, आणि काही दिवशी मलाही पटत नाही.