आयडल ठीक, फुल थ्रॉटल ठीक, मधेच दम तोडणारी टर्बो मिनी

गाडी क्लासिक मिनी, आत एमजी मेट्रो टर्बोचं १२७५ सीसी इंजिन. तक्रार अशी की आयडलिंग स्वच्छ आहे, पॅडल पूर्ण दाबलं की गाडी झकास उचलते, पण चढावर चौथ्या गिअरमध्ये अर्ध्या थ्रॉटलवर थोडा वेळ धरली की आधी झटके, मग कार्ब्युरेटरमध्ये फटाके आणि शेवटी नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक. इंजिन दुसऱ्या गॅरेजमध्ये बसवलेलं होतं. तिथे ‘पेट्रोल कमी पडतंय’ असा निष्कर्ष काढून कार्ब्युरेटरला जास्त पेट्रोल देणारी निडल, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुई, घातली होती. दोष तसाच राहिला. मी प्लग काढून पाहिले तर चारही काजळीने काळे. झटके लीन (पेट्रोल कमी) मिश्रणाचे आणि प्लग रिच (पेट्रोल जास्त) मिश्रणाचे, हे एकाच गाडीत कसं?

पेट्रोलकडे वळण्याआधी बाकीची जोडणी पाहणं भाग होतं, कारण या कामात चुकायला जागा भरपूर. मिनी आणि मेट्रो दोन्हींची इंजिनं ए-सिरीज नावाच्या इंजिन-घराण्यातली, आडवी, गिअरबॉक्स पोटाखाली आणि ऑइल दोघांना एकच. ९९८ सीसीच्या मिनीत ४० बीएचपीच्या आसपास ताकद, मेट्रो टर्बोत ९३. १९८९ मध्ये आलेल्या ईआरए मिनी टर्बोमध्येही हेच इंजिन होतं. त्यामुळे नटबोल्ट जुळले की काम झालं असा समज होतो.

खरी अडचण इंजिनाच्या मागे असते. ए-सिरीजचे इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, बाजूला. त्याच चिंचोळ्या फटीत गॅरेटचा टी३ टर्बो, त्याचा डाउनपाइप (टर्बोतून खाली जाणारा एक्झॉस्टचा पाइप) आणि कार्ब्युरेटरला हवेचा दाब देणारी बंद पेटी, म्हणजे प्लेनम, बसवायची. फायरवॉल कापून आत खोका केल्याशिवाय प्लेनम मावत नाही. या गाडीत खोका नीट वेल्ड केलेला होता, ब्रेक आणि क्लचच्या नळ्या डाउनपाइपपासून दूर नेल्या होत्या, मध्ये उष्णतारोधक पत्राही होता.

टर्बोचं ऑइल परत येण्याची नळी मी नेहमी हाताने चाचपतो. टर्बोत ऑइल दाबाने जातं, पण परत येतं फक्त उतारावरून. नळीचं आतलं तोंड १२ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, मध्ये कुठे पोट पडलं असेल किंवा क्रॅंककेसमध्ये, म्हणजे क्रॅंकशाफ्ट फिरतो त्या पोकळीत, दाब साठत असेल, तर ऑइल टर्बोतच तुंबतं, सीलमधून निसटतं आणि निळा धूर येतो. मग बिचाऱ्या टर्बोवर दोष जातो. साध्या मिनीत ब्रीदरची, म्हणजे क्रॅंककेसमधली वाफ बाहेर काढणारी, नळी कार्ब्युरेटरला जाते. टर्बो बसवल्यावर ती तिथेच ठेवली तर बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, थेट क्रॅंककेसमध्ये शिरतो. इथे ती कॉम्प्रेसरच्या आधीच्या हवेच्या पाइपला जोडलेली होती. बरोबर. कॉम्प्रेशनही चारही सिलिंडरमध्ये १६५ ते १७० पीएसआय, म्हणजे नॉकिंगने पिस्टन अजून खाल्ले नव्हते.

मग मोजमाप. पेट्रोलच्या नळीत कार्ब्युरेटरच्या अगदी आधी टी लावून प्रेशर गेज जोडला आणि तो काचेच्या बाहेर, बॉनेटच्या कडेला पक्का केला. पेट्रोलची जिवंत नळी केबिनमध्ये आणायची नाही, एका फेरीपुरतीही नाही. दोन बूस्ट गेज, एक प्लेनमवर आणि एक इनलेट मॅनिफोल्डवर (कार्ब्युरेटरकडून सिलिंडरकडे मिश्रण नेणारा भाग). डाउनपाइपमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर. आकडे वाचायला शेजारी दुसरा माणूस.

पहिला धागा गॅरेजमध्येच मिळाला. आयडलवर पेट्रोलचा दाब जेमतेम १ पीएसआय. पेट्रोलचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरची सिग्नल नळी, म्हणजे त्याला हवेचा दाब कळवणारी नळी, काढली की ४. रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटलला प्लेनम ६.५, मॅनिफोल्ड ६, पेट्रोल १०; मिश्रण १०.४ (एक भाग पेट्रोलला इतके भाग हवा), म्हणजे गरजेपेक्षा बरंच रिच. काजळीचा उलगडा झाला. मग चढ, चौथा गिअर, अर्धा थ्रॉटल: प्लेनममध्ये ३ पीएसआय बूस्ट, मॅनिफोल्डमध्ये मात्र अडीच पीएसआयचा व्हॅक्यूम आणि पेट्रोल फक्त १.५. मिश्रणाचा आकडा काही सेकंद स्थिर राहिला, मग १३, १५, १६ असा चढत गेला आणि गाडीने झटका दिला. मी लगेच पाय काढला.

या रचनेत टर्बोची हवा कार्ब्युरेटरच्या आधी दाबली जाते. एसयू एचआयएफ४४ कार्ब्युरेटर प्लेनमला जोडलेला, त्यामुळे फ्लोट चेंबरवरही, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीवरही, प्लेनमचाच दाब. तिथे ३ पीएसआय असेल तर पेट्रोल आत शिरायला ३ पेक्षा जास्त दाब हवा. साधारण ४ ने जास्त ठेवतात, म्हणजे ७. इथे होता १.५. फ्लोट चेंबरमध्ये जेवढं पेट्रोल शिल्लक, तेवढ्यावर गाडी चालायची आणि ते उतरलं की उपास.

रेग्युलेटर चांगला होता. त्याची सिग्नल नळी थ्रॉटलच्या पलीकडे, मॅनिफोल्डवर लावली होती. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांवर हात बसलेला माणूस ती तिथेच लावतो, कारण इंजेक्टरचं तोंड मॅनिफोल्डमध्ये उघडतं आणि तिथलाच दाब विचारात घ्यायचा असतो. कार्ब्युरेटरला पेट्रोल लागतं थ्रॉटलच्या अलीकडे. थ्रॉटल पूर्ण उघडा असला की दोन्हीकडचा दाब जवळपास सारखा, म्हणून फुल थ्रॉटलला दोष दिसत नाही. आयडलवर बूस्टच नसतो आणि पेट्रोल इतकं थोडं लागतं की १ पीएसआयवरही भागतं. ट्यूनिंग बहुतेक वेळा याच दोन टोकांना होतं, त्यामुळे मधला भाग कोणी पाहिलाच नव्हता.

नॉकिंगचं कारणही तिथेच होतं. अर्ध्या थ्रॉटलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, त्यामुळे डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम डबा स्पार्कची वेळ अलीकडे आणतो. मिश्रण लीन, हवा टर्बोतून तापून आलेली आणि वर स्पार्क लवकर. ए-सिरीजमध्ये २ आणि ३ नंबरच्या सिलिंडरना एक्झॉस्ट पोर्ट एकच, म्हणून हेडचा मधला भाग मुळातच जास्त तापतो. असंच चालू राहिलं असतं तर हेड गॅस्केट त्या दोन सिलिंडरच्या मधे गेलं असतं.

सिग्नल नळी प्लेनमवर घेतली, मॅनिफोल्डवरचं तोंड बुच मारून क्लिपने आवळलं. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी होती तिथेच ठेवली. आयडलवर पेट्रोल ४ ला सेट केलं. त्याच चढावर प्लेनम ३ असताना पेट्रोल ७ आणि कितीही वेळ धरली तरी मिश्रण हललं नाही. मग ती जास्त पेट्रोल देणारी निडल काढून मेट्रो टर्बोची मूळ निडल परत घातली. फुल थ्रॉटलचा आकडा १०.४ वरून ११.८ वर आला. नवे प्लग घालून पुन्हा फिरवल्यावर सिरॅमिक फिकट तपकिरी दिसलं.

एवढ्यावर गाडीमालकांनी बूस्ट १० पर्यंत नेता येईल का, असं विचारलं. मूळ मेट्रो टर्बोतही खालच्या आरपीएमला बूस्ट ४ च्या आसपास रोखून नंतर ७ पर्यंत जाऊ देत, ते गिअरबॉक्स वाचवायला. इंजिनाने १० सोसले असते, पण पोटातल्या गिअरबॉक्सचे दात तुटले की तुकडे त्याच ऑइलमधून बेअरिंगपर्यंत पोचतात. बूस्टला मर्यादा घालणारा वेस्टगेट ७ वरच ठेवला. ब्रेकला ८.४ इंची डिस्क आणि त्या मावतील अशी १२ इंची चाकं आधीपासून होती. १० इंची चाकांवर असती, तर आधी ब्रेकचं काम करून घ्या असं सांगितलं असतं.