बाकी दोन

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काय लिहायचं, हा प्रश्न मला पडलाच नाही. 4294967297. नववीत एका ऑफ तासाला गणिताच्या सरांनी ही संख्या फळ्यावर लिहिली आणि विचारलं, "ही मूळ संख्या आहे का?"

कच्च्या वह्या निघाल्या. मी कडेला भाजक आणि त्याच्यासमोर बाकी, असे दोन रकाने आखले. 3 ने भागलं, बाकी 2. 5 ने, बाकी 2. 7 ने 5, 11 ने पुन्हा 5, 13 ने 10. मग 17 ने परत 2. तास संपला. सरांनी माझी वही पाहिली, तिन्ही दोनांभोवती गोल केला आणि म्हणाले, "उद्या 257 ने भागून आण." रात्री भागलं. बाकी 2!

दुसऱ्या दिवशी त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "दोनच उरतात ना, मग दोन काढून टाक." उरले 4294967295. हा 65536 चा वर्ग वजा 1, आणि वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र तर पाठच होतं. म्हणजे 65537 गुणिले 65535. यातला 65535 पुन्हा 256 चा वर्ग वजा 1, म्हणून 257 गुणिले 255. 255 म्हणजे 17 गुणिले 15, आणि 15 म्हणजे 5 गुणिले 3. कालच्या माझ्या दोनांचं कारण फळ्यावर माझ्याच अक्षरात उभं होतं. इतका आनंद मला पुढे कुठल्याच निकालाने दिला नाही.

3, 5, 17, 257, 65537 या सगळ्या एकाच घडणीच्या: 2 चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात आणि वर 1. पाचही मूळ. तेव्हा बत्तिसाव्या घाताची, म्हणजे आमची संख्याही मूळच असणार, असं सतराव्या शतकात फर्मा या गणितज्ञाला वाटलं होतं. 1732 मध्ये ऑयलर या गणितज्ञाने 641 ने भाग जातो हे दाखवून ते खोटं ठरवलं. या संख्येच्या कुठल्याही मूळ अवयवाला 64 ने भागलं तर बाकी 1 च उरली पाहिजे, हे सरांनी आम्हाला सांगितलं. त्याची सिद्धता मला कितीतरी वर्षांनी समजली. पण त्या एका अटीने काय झालं पाहा. आमच्या पद्धतीने 641 च्या आधी 114 भागाकार करावे लागले असते. आता राहिले 193, 257, 449, 577. 257 तर आधीच बाद. बाकीचे तिघे वर्गाने वाटून घेतले, भाग गेला नाही. मग 641. भागाकार 6700417, बाकी 0.

"आता 6700417 चं काय?" सर म्हणाले. वर्गमूळाच्या, म्हणजे साधारण 2588 च्या, पुढे जायची गरज नव्हती; तीच अट लावली तर 641 पासून 2113 पर्यंत सातच मूळ भाजक तपासायचे उरत होते. ते मी घरी जाऊन तपासले. एकाच्याही समोर शून्य आलं नाही.