गाठ साधी, तरी जबडा कापावा लागला: ॲमेलोब्लास्टोमाचा माझा अनुभव

बायोप्सीत ॲमेलोब्लास्टोमा आला. कॅन्सर नाही म्हटल्यावर मी पहिला प्रश्न तोच विचारला: मग नुसती खरवडून काढता येणार नाही का?

नाही, कारण दात घडवणाऱ्या पेशींच्या अवशेषांतून वाढणारी ही गाठ जबड्याच्या आतल्या जाळीदार हाडात, ओपीजीवर (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर) दिसणाऱ्या कडेच्याही पुढे शिरलेली असते. त्या पेशी मागे राहिल्या की गाठ परत येते, कधी कधी दहा वर्षांनीसुद्धा. म्हणून नेहमीच्या प्रकारात कडेपलीकडचं १ ते २ सेंमी चांगलं हाडही काढतात. एकाच पोकळीच्या प्रकारात, पेशी भिंतीत शिरल्या नसतील तर, गाठ सोलून काढणं बहुधा पुरतं. रिपोर्टवर प्रकार लिहिलाय का ते आधी बघा. मात्र छोट्या तुकड्यावरून तो दरवेळी पक्का ठरत नाही.

माझी गाठ खालच्या जबड्यात, दाढांमागे. जबड्याच्या हाडाची खालची कड सुमारे १ सेंमी उरत असेल तर ती वाचवतात. माझी उरत नव्हती, म्हणून हाड आरपार कापलं आणि तिथे पायाचं फिब्युला (नडगीशेजारचं बारीक हाड) बसवलं. त्याआधी पायाची सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) हवीच: पावलाचा रक्तपुरवठा पेरोनियल धमनीवरच, म्हणजे या हाडासोबत काढाव्या लागणाऱ्या धमनीवरच असेल, तर ते हाड घेता येत नाही. गुडघ्याकडे आणि घोट्याकडे निदान ६-६ सेंमी हाड ठेवतात. वर नस (नर्व्ह) जपायची असते, खाली सांधा. टायटॅनियमची प्लेट थ्रीडी मॉडेलवर आधीच वाकवून ठेवली होती. दात एकमेकांवर नीट बसवून, तारेने बांधून मगच स्क्रू मारतात, नाहीतर चावा बिघडतो.

खरी काळजी पहिल्या तीन दिवसांची. फिब्युलाच्या रक्तवाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडलेल्या असतात. सिस्टर दर तासाला फिब्युलासोबत आणून तोंडात बसवलेला कातडीचा तुकडा तपासतात: निळसर पडला तर शीर तुंबली, पांढराफटक आणि गार पडला तर धमनी बंद. दोन्हींत ताबडतोब पुन्हा थिएटर. म्हणून मान वळवायची नाही, हे अगदी कसोशीने पाळा.

जेवण बारा दिवस नाकातल्या नळीने. नंतर तोंड उघडायचा व्यायाम, दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या रोज एकेक वाढवत. खालचा ओठ त्या बाजूला बधिर राहतो, कारण त्याची नस कापलेल्या हाडातूनच जाते. चहा आधी बोटाने बघून घ्यावा लागतो.