"भावा, जरा बघ की"

कोल्हापूरजवळ शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कंपनीचा आयटीवाला चहाला निघाला की वाटेत एक तरी हाक येतेच, "भावा, जरा बघ की." अशा कामाचं तिकीट, म्हणजे लेखी तक्रारीची नोंद, मागू नये. पाच मिनिटांच्या कामाला फॉर्म भरायला लावला की लोक विचारणं सोडतात आणि आपापला जुगाड करून ठेवतात.

अकाउंट्सची पेमेंट फाइल घ्या. एक्सेल आकड्यातले 15 अंकच धरतं. 16 अंकी खाते क्रमांक टाकला की शेवटचा अंक शून्य होतो आणि पेमेंट बँकेतून परत येतं. सुरुवातीची शून्यंही गळतात. नंतर कॉलम टेक्स्ट करून काही होत नाही, गेलेला अंक गेलाच. आधी कॉलम टेक्स्ट करायचा, मग नंबर टाकायचे. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) आली तर डबल क्लिक नको. डेटा टॅबमधून आत घ्यायची आणि तिथंच त्या कॉलमला टेक्स्ट निवडायचं. हे दाखवताना माउस अकाउंट्सच्या ताईंच्याच हातात असू द्या, नाहीतर पुढच्या महिन्यात तीच हाक.

प्रिंटरची रांग अडकली तर स्पूलर सर्व्हिस (छपाईची रांग सांभाळणारा विंडोजचा प्रोग्राम) थांबवा, स्पूल फोल्डर रिकामा करा, सर्व्हिस पुन्हा चालू. बास.

खरी कमाई उलट्या बाजूची, म्हणजे तेच लोक आपल्याला शिकवतात ती. ईआरपीत (कंपनीचा सगळा कारभार चालतो त्या सॉफ्टवेअरमध्ये) ई-वे बिलाची, म्हणजे मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, सूचना लावताना आयटीवाला मालाच्या किमतीची 50 हजारांची एकच मर्यादा टाकून मोकळा होतो. डिस्पॅचचे काका सांगतात, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1 लाखापर्यंत लागत नाही. निपाणी मात्र हाकेवर असली तरी कर्नाटकात, तिथं 50 हजारच. म्हणजे अट अंतरावर नाही, राज्याच्या कोडवर लावायची. हे कुठल्या मॅन्युअलमध्ये शोधत बसणार? तसंच अकाउंट्सकडून तारखा घेऊन ठेवा: दर महिन्याच्या 7 ला टीडीएस (कापून घेतलेला कर) भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरणपत्र), 20 ला 3बी (जीएसटी भरण्याचं विवरणपत्र). त्याच्या आदल्या दिवशी सर्व्हरला हात लावायचा नाही. आणि संध्याकाळी गाड्या भरत असताना रीस्टार्ट तर नकोच.

"मागच्या तारखेची एंट्री तेवढी डेटाबेसमधून बदल की" याला मात्र सरळ नाही म्हणायचं, मागणारा कितीही जवळचा असो. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं आहे आणि ऑडिटर तीच तपासतो. तिथं लेखी मेल, साहेबांची मंजुरी आणि दुरुस्तीची वेगळी एंट्री.