लिंबची विहीर, माहुलीचा घाट आणि शाहूनगरीतला एक दिवस

साताऱ्याचं सगळ्यात देखणं बांधकाम कुठलं, असं मला विचाराल तर मी शहराबाहेरचं सांगेन. ते लिंब गावच्या शिवारात आहे, आणि बरंचसं जमिनीखाली आहे. म्हणून पुण्याहून निघालो तेव्हा साताऱ्यात शिरायच्या आधीच हायवे सोडला आणि लिंब शेरीत बारा मोटांची विहीर गाठली. मोट म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची पिशवी.

विहीर लांबून दिसत नाही. जवळ गेल्यावर रुंद दगडी पायऱ्या खाली उतरताना दिसतात आणि दोन पावलांत ऊन मागे राहतं. छत्रपती शाहू महाराजांच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नातवाच्या काळात, 1719 ते 1724 या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधून घेतली. तसा शिलालेख तिथेच आहे. मुख्य विहीर अष्टकोनी, साधारण 50 फूट व्यासाची आणि 110 फूट खोल. तिला जोडून दुसरी आयताकृती विहीर, त्यामुळे वरून सगळा आकार शिवपिंडीसारखा दिसतो. आणि या दोन विहिरींच्या मध्ये, पाण्यावर, चक्क एक महाल!

भिंतीतल्या अरुंद जिन्याने महालात गेलो. खांबांवर गणपती, मारुती, हत्ती, घोडेस्वार कोरलेत. मी बराच वेळ एकाच खांबापाशी होतो. कोरीव काम खोल नाही, पण हात फिरवला की प्रत्येक रेघ बोटांना लागते. खाली कमानीवर शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी आहेत. ज्यांनी हे घडवलं त्यांना ठाऊक होतं की इथे रोज येणार ते मोट हाकणारे गडी आणि बैल. तरी त्यांनी हात आखडता घेतला नाही, आणि मला या विहिरीचं सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच वाटतं. महालावर चढलात की काठावरची थारोळी बघा. मोटेचं पाणी त्यांत ओतलं जायचं आणि पाटाने आजूबाजूच्या आमराईला जायचं. नावात बारा असल्या तरी मोटांच्या जागा पंधरा आहेत. वाकून पाहिलं तर आजही तळाशी हिरवंगार पाणी.

तिथून संगम माहुली. कृष्णा आणि वेण्णा इथे एकमेकींना भेटतात आणि दोन्ही काठांवर देवळं आहेत. विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी 1735 च्या सुमारास बांधलं. खालचं काम काळ्या दगडाचं, शिखर विटा-चुन्याचं. घाटाच्या पायऱ्या थेट पात्रात उतरतात. पलीकडचा काठ म्हणजे क्षेत्र माहुली, पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. शाहू महाराज 15 डिसेंबर 1749 रोजी गेले, त्यांची समाधी संगम माहुलीतच आहे. ज्यांच्या कारकिर्दीत मराठी फौजा नर्मदेपार गेल्या, त्यांच्या समाधीशी आम्ही गेलो तेव्हा दुसरं कुणीच नव्हतं. मला ते फार लागलं. त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही समाधी इथे आहे. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं, असं सांगतात.

दुपारी गावात आलो. राजवाड्याभोवती इतकी वर्दळ असते की आधी मान वर करून बघायला जागा शोधावी लागते. जुन्या राजवाड्याच्या लाकडी कामाची पडझड बघून जीव हळहळतो. पण याच वाड्यात भरणाऱ्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं, म्हणून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. नुसत्या या एका नोंदीसाठीसुद्धा ही वास्तू नीट जपायला हवी.

उन्हं कलल्यावर अजिंक्यतारा किल्ला. वर गाडी जाते, पण शेवटचा टप्पा पायी चढलात तर महादरवाजाचे बुरूज खालून बघायला मिळतात, आणि त्यांची ताकद खालूनच कळते. डिसेंबर 1699 मध्ये औरंगजेबाने स्वतः वेढा दिला तेव्हा किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी हा किल्ला महिनोन् महिने झुंजवला. सुरुंगांनी तट उडाला आणि त्याखाली मोगलांचीच माणसं गाडली गेली. शेवटी किल्ला गेला, त्याचं नाव आझमतारा झालं. पुढे ताराराणींनी तो परत घेतला आणि अजिंक्यतारा हे नाव दिलं. 12 जानेवारी 1708 ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक याच गडावर झाला. मंगळाई देवीचं दर्शन घेऊन तटावर आलो. एका बाजूला यवतेश्वर, लांब सज्जनगड, आणि पायथ्याशी शाहू महाराजांनी वसवलेलं अख्खं गाव.

जायचं असेल तर दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात माहुलीच्या घाटावर पाणी चढतं आणि लिंबच्या पायऱ्या निसरड्या होतात. लिंबला सकाळी लवकर पोचा, दुपारी सहलींची गर्दी होते. सोबत बॅटरी घ्या, भिंतीतल्या जिन्यात अंधार असतो.