सुटला!

आमच्या घरातलं बोलणं सिग्नलवर चालतं. कर्वे रस्त्यावर दुसरा मजला, गॅलरीखाली चौक. लाल लागला की आम्ही बोलायचं, हिरवा लागला की गप्प. आई मावशीशी फोनवर बोलता बोलता मधेच "थांब गं, सुटला," म्हणते आणि फोन तसाच कानाला लावून कॅलेंडरकडे बघत बसते. तिकडे कुडाळला मावशीनेही आता 'कोण सुटला?' विचारायचं सोडून दिलंय. टीव्हीचंही तसंच. लालला आवाज अठरावर, हिरव्याला चौतीसवर. रिमोटच्या बटणावरचं अधिकचं चिन्ह केव्हाच पुसलं गेलंय.

खरं तर गोंगाट सुटायच्या आधीच सुरू होतो. पाटीवर पाच सेकंद उरले की मागचा हॉर्न देतो. पुढचा काय तिथे मुक्कामाला आलाय? मुंबई पोलिसांनी मागे यावर झकास तोड काढली होती. 2020च्या सुरुवातीला त्यांचा व्हिडिओ सगळीकडे फिरला: आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नल पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचा. आमच्या चौकात हे यंत्र बसवलं तर माणसं तिथेच म्हातारी होतील.

नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल ही मर्यादा. एकदा संध्याकाळी सातला गॅलरीत उभं राहून मी मोबाइलवर मोजलं. 78. म्हटलं, तेवीसच तर जास्त आहे, फार तर दीडपट. मुलगी अकरावी सायन्सला. पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "बाबा, दर दहाला दहापट होतं." कागदावर मांडून बघितलं, ध्वनीची ऊर्जा जवळजवळ दोनशेपट! मी गॅलरीचं दार लावून घेतलं. फरक काही पडला नाही.

परवा सिग्नलच बंद पडला. चारी बाजूंनी सगळे एकदम घुसले, मधे हवालदाराची शिट्टी. लाल नाही, हिरवा नाही, नुसता अखंड कल्ला. आईला काहीतरी सांगायचं होतं. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. शेवटी खुणेनेच म्हणाली, राहू दे, रात्री सांगते.

अकराच्या पुढे चौक जरा निवला. दिवा मालवून आई म्हणाली, "अरे, मावशी सांगत होती..." आणि सायलेन्सर बदललेली ती रोजची बुलेट खालून फटफटत गेली. आम्ही सवयीने थांबलो. आवाज पार नळ स्टॉपकडे विरेपर्यंत.

"हं, काय सांगत होती?"

"विसरले मेलं."