बॉक्सवूड: मुळं उंच, आत हवा

न्यू जर्सीत घर घेतलं की दारापुढचं बॉक्सवूड, म्हणजे कुंपणाला लावतात ते बारीक पानांचं सदाहरित झुडूप, बहुधा घरासोबतच मिळतं. हरणं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, बर्फातही ते हिरवं राहतं. ते मरतं ते बहुतेक वेळा मुळाशी साचलेल्या पाण्यानं आणि आतल्या कोंदटपणानं. (पुण्यात असंच दाट कुंपण हवं असेल तर सरळ कामिनी लावावी.)

नव्यानं लावताना 'सफ्रुटिकोसा' ही बुटकी जात टाळा. देखणी आहे, पण ब्लाइट या बुरशीला ती फार लवकर बळी पडते, आणि ही बुरशी २०११ पासून अमेरिकेत आहे. 'न्यूजेन इंडिपेन्डन्स' ही जात या बुरशीपुढे बरीच टिकते.

खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट रुंद घ्या, पण खोल नको. गड्डा जमिनीपेक्षा इंचभर वरच राहू द्या. कुंडीत गोल फिरलेली मुळं सुरीनं उभी चिरून मोकळी करा. मल्च (मातीवरचं सालपटांचं वगैरे आच्छादन) दोन इंच पुरे, तेही खोडापासून लांब. मातीचा सामू (पीएच) ६.५ ते ७.२ हवा, तपासल्याशिवाय चुना टाकू नका. पाणी सकाळी, मुळाशी.

खरी चूक होते ती छाटणीत. नुसती वरवर कात्री फिरवत राहिलं की बाहेर पानांचं कवच तयार होतं, आत ऊन पोचत नाही, फांद्या बोडक्या होतात आणि ओल वाळत नाही. म्हणून हिवाळा सरताना हात आत घालून ठिकठिकाणी सहा-आठ इंचांच्या फांद्या फाट्यापाशी कापा. झुडपात उजेडाचे कवडसे दिसले पाहिजेत. आकार जूनमध्ये द्या, बुंध्याशी रुंद ठेवून. ऑगस्टनंतर कापलं तर कोवळी फूट थंडीत करपते. पानं ओली असताना कात्री लावूच नका. दर झुडपानंतर ती ७० टक्के अल्कोहोलनं पुसा.

हिवाळ्यात पानं तांबूस झाली तर घाबरू नका, ते ऊन-वाऱ्यामुळे होतं. पानांवर तपकिरी गोल डाग, कोवळ्या काड्यांवर काळ्या रेघा आणि झपाट्यानं पानगळ दिसली तर मात्र ब्लाइट समजा. झुडूप उपटा, गळलेली पानंही पिशवीत भरा. कंपोस्टमध्ये टाकू नका, बुरशी त्यात वर्षानुवर्षं जगते. जाळी आणि कुरतडलेली पानं दिसली तर ते बॉक्स ट्री मॉथ या पतंगाच्या हिरव्या, काळ्या डोक्याच्या अळ्यांचं काम. अळ्या लहान असतानाच बीटी (अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध) फवारा, पानांच्या आतल्या बाजूपर्यंत, आणि राज्याच्या कृषी खात्याला कळवा.